दुधाच्या वाटेसाठी सायकल

यजमान गेल्यावर आमची फियाट विकली आणि गॅरेज रिकामं झालं. रिकामं म्हणजे तिथे मोडक्या वेताच्या खुर्च्या होत्या, पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या आणि हौशीरामची सायकल होती. हौशीराम आमचा दूधवाला. तुंगार्लीचं धरण ओलांडून जी पायवाट डोंगरात चढते तिच्या टोकाला कातळवाडी नावाची लहानशी वस्ती आहे, तिथला. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या, दुधाच्या दोन किटल्या कावडीला अडकवून डोंगर उतरायचा, आमच्या फाटकाशी कावड टेकवायची, गॅरेजमधून सायकल काढायची आणि लोणावळ्यात रतीब घालत फिरायचं, हा त्याचा क्रम त्याला मिसरूड फुटल्यापासूनचा. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. त्याची मुलगी प्रेरणा, जिच्याबद्दल मला लिहायचं आहे, ती लहानपणी याच कावडीच्या मागे पळत शाळेला उतरायची आणि शाळा भरेपर्यंत आमच्या पायरीवर बसून दूध-पोळी खायची.

गेल्या वर्षी भाद्रपदातल्या एका गुरुवारी ती सकाळीच आली. गुरुवारी तिच्या कंपनीला सुट्टी असते. आली ती सरळ गॅरेजमध्ये गेली आणि भिंतीवरचं बटण खालीवर करून पाहू लागली.

"आजी, हा पॉइंट चालू आहे का?"

"असावा. का गं?"

"मला इथं एक सायकल बनवायची आहे. आबांसाठी."

मी म्हटलं, त्याची सायकल आहे की तुझ्या मागे उभी.

"ती डांबरावरची. मला डोंगरातली बनवायची आहे. मोटर लावून. पुढं शॉकर, मागं शॉकर." एवढं बोलून तिने खुर्च्या बाहेर काढायला सुरुवात केली. माझा होकार तिने धरूनच चालला होता आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

डोंगरातली सायकल का लागली, ते आधी सांगायला हवं. श्रावणात हौशीराम पडला. त्या वाटेवर एक मोठा उघडा कातळ आहे, पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं. तिथे त्याचा पाय सुटला आणि तो कावडीसकट बसकण मारल्यासारखा आदळला. दूध सगळं सांडलं. या लोकांच्या घरात दूध सांडणं फार वाईट मानतात. सांडलं तर त्यात बोट बुडवून कपाळाला लावायचं आणि कोणाचा पाय पडू नये म्हणून त्यावर माती लोटायची. मागून लाकडं घेऊन येणाऱ्या बाईला हौशीराम दिसला तेव्हा त्याला उठता येत नव्हतं, आणि बसल्या जागेवरून तो दोन्ही हातांनी दुधावर माती लोटत होता. तिने आधी विचारलं, "भाऊ, लागलं का?" तर म्हणाला, "पलीकडनं ये, हितं पाय दिऊ नगं."

पाठीचा मणका दबला होता. डॉक्टरांनी सांगितलं, बरा होईल, पण खांद्यावर ओझं यापुढे घ्यायचं नाही आणि धक्के बसतील असं काही करायचं नाही. कावड संपली.

प्रेरणाचा मोठा भाऊ सत्यम वराळ्याला राहतो. गोदामात सुपरवायझर आहे, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे. वडील पडल्यावर तो रोज पहाटे येऊन दूध खाली आणत होता आणि इथून परस्पर ड्युटीवर जात होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. किती दिवस हे चालणार, म्हणून त्याने ठरवलं की दिवाळीनंतर म्हशी विकायच्या आणि आबांना वराळ्याला न्यायचं. एका व्यापाऱ्याशी तो बोललाही होता. मला स्वतःला त्यात काही गैर वाटलं नाही. बायको गेलेली, वाडीतली निम्मी घरं कुलूप लावून खाली गेलेली, म्हातारपणी माणसाने मुलाजवळ असावं, असंच मला वाटलं. मी हौशीरामला तसं म्हटलंही.

तो पायरीवर बसला होता, कमरेला पट्टा बांधून. म्हणाला, "बाई, वराळ्याला मी काय करू? ग्यालरीत बसून लोकांच्या गाड्या बघू? म्हशी हायत तवर मी हाय. त्या गेल्या की मला कुटंबी ठिवा, सारखंच."

हे तो रागाने बोलला नाही. बोलून झाल्यावर त्याने माझ्या तुळशीतलं सुकलेलं पान काढून टाकलं. प्रेरणा तिथेच उभी होती. पुढच्याच गुरुवारी ती गॅरेजचा पॉइंट बघायला आली.

मी तिला विचारलं, मोटरसायकलच का घेऊन देत नाहीस? तर म्हणाली, सत्यमदादाने एकदा त्याची गाडी वर न्यायचा प्रयत्न केला होता. कातळाच्या पायऱ्यांवर ती वळत नाही, आडवी झाली की एका माणसाला उचलत नाही. शिवाय आबांना गाडी येत नाही. सायकल मात्र त्यांना झोपेतही येते.

प्रेरणा नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथे दुचाकींचे, धक्के झेलणारे शॉकर बनतात आणि ते तपासायच्या विभागात ती आहे. भांगरवाडीत खोली घेऊन राहते, लोकलने तळेगावला आणि तिथून कंपनीच्या बसने पुढे. आयटीआयमध्ये तिच्या वर्गात मुली फार नव्हत्या. अंगाने किरकोळ, केस घट्ट बांधलेले, मनगटावर भाजल्याचा डाग. काम करताना बोलत नाही. कोणी "छान झालंय" म्हटलं की तिला राग येतो, कारण तिच्या मते बघणाऱ्याला अजून काही कळलेलं नसतं. अडचण सांगितली की तिचं उत्तर एकच, "करते मी." तिला बघायला आलेली एक मंडळी तिच्या नखांतलं काळं ग्रीस बघून चहा न घेता गेली, हे सत्यम तिला चिडवायला सांगतो. ती म्हणते, "चहा वाचला."

सायकलचा सांगाडा तिला तुंगार्लीतल्याच एका बंगल्यावर मिळाला. मुंबईच्या मालकांच्या मुलाने परदेशी डोंगरी सायकल आणली होती, उतारावर पडला आणि परत तिच्याकडे बघितलं नाही. बंगल्याच्या माळ्याने ती कुंपणाला टांगून तिच्यावर कारल्याचा वेल सोडला होता. प्रेरणाने मालकांना फोन केला, ते म्हणाले घेऊन जा. वेल सोडवून सायकल माझ्या गॅरेजमध्ये आली तेव्हा सीटखालच्या नळीला तडा होता आणि पुढचं चाक दाबलेल्या पापडासारखं झालं होतं. पण मागचं चाक एका सांध्यावर हलत होतं आणि सांगाडा आणि चाक यांच्यामध्ये शॉकर बसवायची जागा होती. प्रेरणा त्या सांध्याला हात लावून ते चाक बराच वेळ नुसतं खालीवर करत राहिली.

तडा बुजवायला अॅल्युमिनियमचं वेल्डिंग लागतं, त्याला हे लोक आरगॉन म्हणतात. लष्करी डेपोतून निवृत्त झालेले एक गृहस्थ देहूरोडला ते काम करतात. सांगाडा खांद्याला लावून ती लोकलने तिकडे गेली. त्यांनी जोड भरला आणि वर एक पट्टीही मारून दिली. "कोण चालवणार?" त्यांनी विचारलं. "वडील," म्हटल्यावर म्हणाले, "मग दुसऱ्या बाजूनेपण एक पट्टी मारतो."

मोटरीच्या बाबतीत तिचा पहिला अंदाज फसला. चाकाच्या तुंब्यात, म्हणजे आऱ्यांच्या मधल्या गोल भागात, बसते तशी मोटर तिने आधी लावली. धरणाच्या चढावर नेली तर अर्ध्यातच ती तापली आणि जळका वास घेऊन प्रेरणा परत आली. मग तिने पेडलच्या आसाशी बसणारी मोटर मागवली. ही मोटर चेन ओढते, त्यामुळे चढ आला की माणूस गिअर हलका करतो तसा तिच्यासाठीही करता येतो. हे मला समजावं म्हणून तिने सायकल उलटी करून हाताने पेडल फिरवून दाखवलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला भरतकाम, पियानो आणि सुवाच्य अक्षर शिकवलं. चेन कशी चढवायची हे मी प्रेरणाकडून शिकले आणि माझ्या पांढऱ्या सुती साडीला त्याची खूण अजून आहे.

मोटरीला तिने एक खास दांडी जोडली. ती दाबली की सायकल माणूस चालतो त्या वेगाने स्वतः पुढे जाते, धरणाऱ्याने नुसतं बाजूने चालायचं. अवघड चढाला हौशीरामने उतरून असं चालावं, हा हेतू. त्याने पहिल्यांदा ती आमच्या गल्लीत दाबून पाहिली. सायकल चालायला लागली आणि तो हँडल धरून बाजूने.

"आरं तिच्या," तो म्हणाला, "ही तर भिंगरीवानी चालतीया. फकस्त शेपटी मारत न्हाई."

भिंगरी म्हणजे त्याची म्हैस. मोरी आणि चांदी या बाकीच्या दोन.

"आबा, हिला पेंड लागत नाही," प्रेरणा म्हणाली. "रात्री वायर लावली की झालं."

"आन् दूध?"

"दूध तिच्या पाठीवर येणार."

दुधासाठी तिने मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या केल्या. कावडीला असतात तशाच दोन किटल्या, दोन्हीकडे सारखं वजन. आणि शॉकर तिने मऊ ठेवले, अगदी पाळण्यासारखे. आबांच्या मणक्याला आणि दुधाला, दोघांनाही धक्का लागता कामा नये, हे तिचं म्हणणं. मला म्हणाली, बसून बघा. मी बसले नाही, पण सीटवर हात दाबला तर ती सावकाश खाली गेली, वर आली, पुन्हा थोडी खाली गेली.

चाचण्या गुरुवारी होत. ती सायकल घेऊन वर जायची, कातळवाडीपासून धरणापर्यंत खाली यायची. किटल्यांमध्ये पाणी भरलेलं असायचं. दूध भरून बघावं हे त्या घरात कोणाच्या मनातही येणार नाही. कातळावर मुद्दाम दूध हिंदकळवायचं, सांडलं तर सांडू द्यायचं, म्हणजे त्यांच्या लेखी पापच. एकदा मी सहज विचारलं, तर हौशीराम म्हणाला, "दुधाशी ख्योळ न्हाई करायचा बाई," आणि विषय मिटला. पाणी मात्र उत्तम उतरत होतं. किटलीच्या तोंडाशी गवताची पेंडी खोचायची त्यांची जुनी पद्धत आहे, त्यामुळे थेंबही बाहेर येत नव्हता. हौशीरामही चालवायला शिकला. पट्टा आवळून बसायचा, उताराला ब्रेक धरून यायचा, आणि आल्यावर पाठीला काही झालं नाही हे दाखवायला वाकून जमिनीवरचा खडा उचलायचा.

दिवाळीनंतर लगेचच्या गुरुवारी पहिल्यांदा खरं दूध आलं. सत्यम रात्रपाळी करून थेट आमच्या फाटकाशी आला होता. प्रेरणाही होती. उजाडताना हौशीराम वळणावरून दिसला, कोट घातलेला, किटल्या दोन्ही बाजूंना, अगदी ऐटीत. सायकल लावली आणि म्हणाला, "पाठीला कळलंसुदिक न्हाई." मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा तिघंही किटलीत वाकून बघत होते. दुधावर पांढरे बारीक कण तरंगत होते. सत्यमने पळी बुडवून वर काढली. पळीला लोणी चिकटलं होतं.

किटल्या हौशीरामच्या वडिलांच्या काळातल्या, आठ म्हशी होत्या तेव्हाच्या, मोठ्या. आता तीन म्हशींचं दूध त्यांत निम्म्यापर्यंतच येतं. त्या निम्म्या रिकाम्या किटल्या मऊ शॉकरवर डोंगरभर खालीवर, खालीवर होत आल्या होत्या. पाण्याचं त्यात काय बिघडणार होतं? दूध घुसळून निघालं.

"सायकल नाही, रवी बनवलीस तू," सत्यम म्हणाला.

प्रेरणाने किटलीचं झाकण लावलं. हौशीराम तरीही रतीबाला गेला. सगळ्यांत जास्त दूध घेणारा स्टेशनजवळचा चहावाला गाळणीत बघून म्हणाला, "आबा, ह्याचा चहा करू का भाजी फोडणीला टाकू?" दोन घरांनी ठेवून घेतलं, बाकी सगळं परत आलं. उरलेलं मी माझ्या मोठ्या पातेल्यात ओतून घेतलं. त्याचं तूप केलं, फुकट घालवलं नाही, पण त्या दिवशी तूप झालं याचा आनंद घरात कोणालाच नव्हता.

पायरीवर सत्यम बहिणीला हळू आवाजात सांगत होता. "हे बघ, तुझ्या हाताला नाव नाही ठेवत मी. पण आबांना रोज त्या डोंगरावरून सायकलवर सोडायचं, आणि खाली येऊन हे. रविवारी म्हशी न्यायला टेम्पो येतोय धरणापाशी, दहा वाजता. दिलाय शब्द. हा रविवार नाही, पुढचा."

"पुढच्या गुरुवारपर्यंत थांब."

"गुरुवारी काय होणार?"

"करते मी."

"काय करते?"

ती गॅरेजमध्ये गेली आणि सायकलच्या सीटवर हात दाबून सोडून देत राहिली. मी मागे जाऊन उभी राहिले, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "कंपनीत असा शॉकर आला असता ना आजी, तर मीच बाजूला काढून टाकला असता. दाबला की एकदा खाली जाऊन वर यायला हवा. हा डुलत बसतो. मला आबांची पाठ दिसत होती फक्त."

पुढचा बुधवार. कंपनीतून सुटून ती आली, सायकल घेतली आणि वर गेली. गुरुवारी दुपारी परत आली तेव्हा तिच्या बाह्यांना दुधाचा वास होता. वर काय झालं ते तिने मला भाकरी खाता खाता सांगितलं.

पहाटे ती सवयीने किटलीत पाणी भरत होती. हौशीराम गोठ्यातून आला, त्याने तिच्या हातातली किटली घेतली, पाणी अंगणात ओतलं आणि भिंगरीखाली बसून धार सरळ त्या किटलीत काढली. प्रेरणा बघतच राहिली. "आबा, सांडेल," ती म्हणाली.

"सांडलं तर सांडलं."

"तुम्हीच म्हणायचात..."

"मी म्हणायचो. आता तूच बग, म्हशी ऱ्हाईल्या तर दूध. जा, चालीव."

वाडीपासून कातळापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला झाकण उघडून दोघं वाकून बघत. सांडलंही. सांडलं तिथे हौशीराम बोट बुडवून कपाळाला लावी, माती लोटी आणि म्हणे, "पुन्यांदा." लोण्याचे कण येतच राहिले. शेवटी सायकलला अडकवलेली लहान किटली त्यांनी उघडली. ती आमच्या घरच्या रतीबाची, बुटकी, स्टीलची. तिच्यात गळ्यापर्यंत दूध होतं, आणि ते जसं भरलं तसंच होतं. एकही कण नाही. हलायला जागाच नव्हती त्याला.

"म्हणजे मोठ्या किटल्या काढायच्या," प्रेरणाने मला सांगितलं. "लहान घ्यायच्या, आणि गळ्यापर्यंत भरायच्या. तुमची लहान सोडली तर आबांनी आख्ख्या जन्मात किटली भरून घेतली नाही, सांडेल म्हणून. आज भरली. झाकणाखाली ओलं फडकं लावून."

शॉकरमधलं तेल मात्र बदलायला हवं होतं. जाड तेल घातलं की तो डुलत नाही, सावकाश परत येतो. पण मग दगडावरून जाताना धक्का थोडा जास्त लागणार, आणि तो सरळ पाठीत. त्यावरून बापलेकीचं वर चांगलंच वाजलं होतं. हौशीरामचं म्हणणं, थोडं मला लागू दे, दुधाला नको. तिचं म्हणणं, दूध नासलं तर तूप होतं, तुमचं काय करू? शेवटी असं ठरलं की वाटेवर दोन ठिकाणी त्याने उतरायचं. एक तो मोठा कातळ, आणि दुसरी ओढ्याजवळची दगडांची उतरंड. तिथे बसायचं नाही, दांडी दाबून किंवा ब्रेक धरून बाजूने चालायचं. हौशीरामला हे अजिबात आवडलं नाही. सायकलवरून उतरून चालणं म्हणजे त्याला पोरीपुढे हरल्यासारखं वाटतं. "बसून जातो की मी, गुमान," असं तो तीनदा म्हणाला. ती ऐकेना, तेव्हा त्याने हो म्हटलं.

त्या दुपारी तिने गॅरेजमध्ये शॉकर खोलला. लोणावळ्याच्या बाजारातून लहान किटल्या आणल्या, कड्या कापून त्या मापाच्या केल्या. काम संपवून सायकलवर तिने हात दाबला. ती खाली गेली, एकदाच वर आली आणि थांबली. प्रेरणाने पुन्हा दाबून बघितलं नाही, सायकल वर पोचवायला निघाली. तेवढ्यावरून मला कळलं की झालं असावं.

रविवारी ती कामावर होती. तिची सुट्टी गुरुवारी, आणि शॉकरच्या लाइनवर मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे तिला काही कळणार नव्हतं. शुक्रवार आणि शनिवारचं दूध चांगलं आलं होतं, मी स्वतः बघितलं होतं, पण सत्यमला हे फोनवर सांगून उपयोग नव्हता. तो पहाटेच आला आणि फाटकाशी न थांबता वाट चढून गेला. बऱ्याच वेळाने दोघं बरोबरच खाली आले. हौशीराम सायकलवर पुढे, सत्यम मागून चालत, धापा टाकत.

"गाळणं द्या आजी," सत्यम म्हणाला.

मी मलमलचं फडकं आणलं. त्याने प्रत्येक किटलीतलं थोडं थोडं दूध त्यातून गाळलं आणि फडकं उजेडाला धरलं. ते नुसतं ओलं होतं. दुसरी बाजूही पाहिली. हौशीराम त्याच्याकडे बघत नव्हता. तो सायकलच्या हँडलला अडकवलेली चिंधी सोडून पुन्हा बांधत होता.

"पाठ?" सत्यमने विचारलं.

"हाय तितंच हाय."

"आबा, नीट सांगा."

"आरं ठणकती थोडी. कावडीनं ठणकायची तेवडीबी न्हाई. तू गोदामातनं येतो तवा तुजी ठणकत न्हाई व्हय?"

सत्यमने फडकं पिळून माझ्या हातात दिलं. खिशातून फोन काढला आणि फाटकाबाहेर गेला. त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. टेम्पो आणू नका म्हणाला. पलीकडचा माणूस चिडला असावा, कारण सत्यम बराच वेळ नुसता "हो, हो, चूक माझी" म्हणत होता. परत आला तेव्हा तो वडिलांशी जरा कडक आवाजातच बोलला.

"पावसाळ्यापर्यंत. शेवाळ धरलं की मी ऐकणार नाही."

"पावसाळ्याचं पावसाळ्यात बगू," हौशीराम म्हणाला. त्याने चहाही घेतला नाही. चहावाला वाट बघत असेल म्हणून किटल्या गावातल्या सायकलला लावून निघून गेला. रतीब उरकून दहाच्या आत तो परत आला आणि नवी सायकल घेऊन धरणाच्या चढाकडे वळला. चढ सुरू झाला तिथे तो उतरला आणि तिच्या बाजूने चालू लागला, कारण तिथून तो आम्हाला दिसत होता.

सत्यम पायरीवर बसून राहिला. मी त्याला पोहे दिले. खाता खाता म्हणाला, "खोटं बोलतात आजी ते. कातळावर उतरले, पण ओढ्यापाशी बसूनच आले. मी मागं होतो. त्यांना वाटलं मी लांब आहे." मग बशी खाली ठेवत, "पण काय बसतात. मला नाही जमणार."

हे मी प्रेरणाला सांगायचं की नाही याचा दिवसभर विचार केला. संध्याकाळी ती स्टेशनवरून सरळ माझ्याकडे आली. पाठीवरची पिशवीही न काढता दारात उभी राहिली. टेम्पो आला होता का, हे तिने विचारलं नाही. गॅरेजमध्ये मोठ्या, जुन्या किटल्या कोपऱ्यात तशाच पडलेल्या होत्या आणि नवी सायकल जागेवर नव्हती, त्यावरून तिला कळलं असणार.

"दोन्ही ठिकाणी उतरले का?" तिने विचारलं.

मी सांगितलं, एकाच ठिकाणी.

तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. वाडीत घराशी रेंज नसते, गोठ्यामागच्या फणसाखाली येते. बराच वेळ वाजल्यावर फोन उचलला गेला, आणि मला आधी म्हशीचं फुरफुरणं ऐकू आलं.

"आबा, ओढ्यापाशी उतरायचं ठरलं होतं."

पलीकडून बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

"आबा, ऐकू येतंय ना?"

"म्हशीस्नी पाणी दावतोय," हौशीराम म्हणाला. "मागनं बोलतो."